दादाच्या खांद्याची दुनळी

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असतोच. बंदुका दुरुस्त करून पोट भरणाऱ्या बाईच्या नाकावर नसणार तर कोणाच्या? गिऱ्हाईक येतं तेच मुळी खोट बंदुकीत आहे असं ठरवून. नेम चुकला, बंदूक वाईट. डुक्कर शेत खाऊन पळालं, बंदूक वाईट. एकाने आतून गंजलेली नळी माझ्यासमोर टाकली आणि वर म्हणाला, रोज पुसतो हो. मी त्याला नळीला डोळा लावायला सांगितलं आणि विचारलं, पलीकडचा उजेड दिसतोय का, की ग्रहण लागलंय? बंदुकीबद्दल खोटं बोललेलं मला खपत नाही. मग समोर साहेब असो नाहीतर सख्खा मामा.

त्या सकाळी मात्र समोर चिमणी होती. चिमणी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक. वनखात्यात रक्षक म्हणून लागलेली, गणवेशावर तिचं खरं नाव लावलेलं असतं, पण अंगावर मांस म्हणून नाही, त्यामुळे घरात ती चिमणीच राहिली. तिने खांद्यावरची लांबट कातडी पिशवी माझ्या कामाच्या बाकावर ठेवली. पिशवी ओळखून मी हातातली कानस खाली ठेवली. आत दादाची दुनळी रायफल होती.

"आत्या, नळ्या उघडायच्यात."

"का? आत उंदीर शिरलाय?"

"चेष्टा नको ना. उजवी गोळी उजवीकडे जाते, डावी डावीकडे. डावी तर फारच."

"दादाच्या हातात कधी गेली नाही."

"बाबा नाहीत आता," ती म्हणाली आणि स्क्रूच्या डबीशी चाळा करत उभी राहिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणावरची ते सांगता येत नाही, पण समोर ती होती म्हणून तिच्यावर निघाली. म्हटलं, खात्याची रायफल आहे ना धडधाकट, ती घेऊन जा की. एवढा सोस कशाला?

"खात्याची एकनळी? एक गोळी झाडून बोल्ट ओढेपर्यंत अस्वल माझ्याशी हात मिळवून घरी जाईल."

हसू आलं, पण मी हसले नाही. कारण अस्वल खरंच होतं. वरच्या रानात कोणीतरी चोरून झाडलेली गोळी एका अस्वलिणीच्या जबड्याला लागली होती. ती मरत नव्हती, तिला खाता येत नव्हतं आणि दिसेल त्या माणसावर ती धावून जात होती. दोन लाकूडतोडे तिने फाडले होते. रानात दाटून बसलेलं धुकं काही दिवसांनी उठलं की चिमणीची तुकडी तिच्या मागावर निघणार होती. दाट झुडपात अस्वल दिसतं तेव्हा ते येऊन पोचलेलंच असतं. पहिली गोळी घाईत जाते. जीव वाचवते ती दुसरी.

दुनळी ज्याने हातात धरली नाही त्याला थोडं समजावून सांगायला हवं. तिच्या दोन नळ्या शेजारी शेजारी सरळ दिसतात, पण सरळ नसतात. उजवी झाडली की बंदूक उजवीकडे उसळते, डावी झाडली की डावीकडे. म्हणून दोन्ही नळ्यांची तोंडं किंचित आत, एकमेकींकडे वळवलेली असतात, म्हणजे पन्नास पावलांवर दोन्ही गोळ्या एकाच जागी लागतात. तोंडांच्या मधे नखाएवढी पोलादी पाचर असते आणि सगळं कथलाने सांधलेलं असतं. पाचर किती जाड ठेवायची हे कोणालाही आधी सांगता येत नाही. गोळी झाडायची, कागद बघायचा, नळ्यांची तोंडं तापवायची, कथील सुटलं की पाचर जरा आत ठोकायची नाहीतर कानसायची, गार होऊ द्यायचं, परत झाडायचं. याला आम्ही जुळणी म्हणतो. मनासारखी जुळणी व्हायला आठवडाही जातो.

इतर कारखान्यांत ही झाडाझाडी त्यांचा पगारी नेमबाज करतो. आमच्या, म्हणजे माझ्या आणि दादाच्या बाबांना ते पटायचं नाही. शिंपी स्वतःच्या मापाने गिऱ्हाइकाचे कपडे शिवतो का, असं ते विचारायचे. जाडजूड माणसाच्या खांद्याला बंदूक कमी उसळते, किडकिडीत माणसाच्या खांद्याला जास्त, म्हणून ज्याची बंदूक त्यानेच झाडायची आणि त्याच्या खांद्याला जुळवायची. लोक लांबून लांबून येत. बडे बडे लोक दुकानामागच्या खाणीत उन्हात उभे राहून बाबांची बोलणी खात आणि खूश होऊन जात. मीही हाताखाली राहून तेच शिकले.

दादाची दुनळी बाबांनी केलेली शेवटची जुळणी. दादा अंगाने आडवा, आणि लहानपणी भिंतीवरून पडून त्याचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ते वाकडंच सांधलं होतं. त्यामुळे तो दस्ता खांद्याच्या खळगीत न धरता जरा बाहेर, दंडाच्या अंगाला टेकवायचा. बाबांनी ते वाकडं हाडही हिशोबात धरलं. मी झोताचा दिवा धरून नळ्या तापवत होते, बाबा टिकटिक करत पाचर सारत होते आणि दादा दर दोन गोळ्यांनी म्हणत होता, जेवायला कधी मिळणार? शेवटच्या दिवशी दोन्ही गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं. बाबांनी त्यात करंगळी घालून बघितली आणि म्हणाले, जा, आता जेव.

या पद्धतीत एक खोट होती, ती बाबांना कधी दिसली नाही आणि मलाही नाही. धड सांभाळलेली रायफल तीन पिढ्या टिकते. खांदा टिकत नाही. दादा आयुष्यभर जनावरांच्या मागे हिंडला आणि गेला तो गेल्या थंडीत दवाखान्याच्या बाकावर, नंबर लागायच्या आत. शेजारच्या माणसाला वाटलं, डुलकी लागली. त्याचे कपडे देऊन झाले, बूट कोणाच्या मापाचे नव्हते म्हणून टाकून झाले. त्याच्या अंगाचं वजन, त्याचं ते मोडकं हाड, एवढ्या जगात आता कुठे उरलं असेल तर त्या पाचरीत. आणि ही मुलगी मला ती काढायला सांगत होती.

मी टाळाटाळ केली. सगळे उपाय केले. तिला खाणीत नेलं, दगडाला कागद लावला. तिने खरंच छान झाडली, श्वास रोखून, डोळा न मिटता. उजवी गोळी वीतभर उजवीकडे लागली. डावी वीतभराहून जास्त डावीकडे, कागदाच्या बाहेर. मी दस्त्याला रबराची गादी बसवली. फरक पडला, मोजायला लाज वाटावी इतका. मग दस्ता पोखरून आत शिसं ओतलं. बंदूक जड झाली तशा गोळ्या जवळ आल्या आणि मला आशा वाटली. चिमणी ती जड बंदूक घेऊन खाणीचा चढ चढून गेली आणि जीभ बाहेर काढून परत आली.

"आत्या, हिला घेऊन मी अस्वलापर्यंत पोचेन. पण मग त्यालाच म्हणावं लागेल, बाबा रे, जरा ही धर."

शिसं काढलं. गादी काढली. दस्ता होता तसा केला आणि शेवटचा बहाणा पुढे केला. "तुझ्या आईला विचारलंस?"

ती परत स्क्रूच्या डबीशी चाळा करायला लागली. म्हणजे नव्हतं विचारलं.

"मग तिच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही," असं म्हणून मी मोकळी झाले. मला वाटलं, वहिनी नाही म्हणेल आणि माझी सुटका होईल.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःच दुकानात आली, मागून चिमणी. वहिनीही चांगली भरलेली. दादा म्हणायचा, आमच्या घरात दोन कपाटं, एक मी आणि एक ही, त्यामुळे तिसऱ्याला जागा नाही. ती आली ती बसलीच नाही. बाकावर दुनळी होती, तिच्या दस्त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"वन्सं, हिला हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हणाले. एवढ्या चटकन मी कोणाचंच ऐकत नाही.

"आई, अगं ऐकून तरी घे," चिमणी म्हणाली.

"काय ऐकू? ह्यांच्या हातात इतकी वर्षं नीट चालली आणि तुझ्याच हातात बिघडली? बंदुकीत खोट नाही. तुझ्या धरण्यात आहे."

गिऱ्हाइकं म्हणतात त्याच्या बरोबर उलट म्हणत होती ती. मी तिला समजावायला तोंड उघडलं, तर तिने दुनळी उचलली. "चला खाणीत. मी दाखवते."

"तू? तुला येते?"

"लग्न झालं तेव्हा ह्यांनी शिकवली होती. मग दरवर्षी एकदा तरी झाडायला लावायचे. म्हणायचे, मी नसलो तर तुला यायला हवी."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मागच्या खोलीत बसून माझ्या हातचा चहा पिणाऱ्या वहिनीने कधी सांगितलं नाही आणि दादानेही नाही. नवराबायकोचं काहीतरी त्यांचं त्यांच्यात राहतं ते असं.

खाणीत गेलो. वहिनीने चप्पल काढली, पाय रोवले, दुनळी खांद्याला लावली. लावली म्हणजे खळगीत नाही. जरा बाहेर, दंडाच्या अंगाला. मी चिमणीकडे बघितलं, तिनेही माझ्याकडे बघितलं. वहिनीचं हाड काही मोडलेलं नव्हतं. दादाने तिला स्वतःला जमायचं तसंच शिकवलं होतं आणि बंदूक अशीच धरतात असं ती आजवर समजत आली होती.

तिने आधी उजवी झाडली, मग डावी. खाणीत आवाज घुमून बसेपर्यंत कोणी हललं नाही. मग चिमणी पळत कागदापाशी गेली आणि तिथेच थांबली. मी जाऊन बघितलं. दोन भोकं होती, पण एकमेकांना चिकटून, कडेला कड लागलेली.

वहिनी मागून आली. तिने ती भोकं बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना.

"बघितलंत?" ती म्हणाली. "शिकवताना हे माझ्या मागे उभे राहायचे. खांद्यामागे तळहात धरायचे, धक्का बसला की मी मागे जाऊ नये म्हणून. आत्ता झाडली ना, तेव्हा तो हात होता. खरंच सांगते, होता."

दुकानात परत आलो. वहिनी आता स्टुलावर बसली, मांडीवर दुनळी आडवी घेऊन. चिमणी दाराबाहेर बघत अगदी हळू बोलली.

"आई, ती अस्वलीण तुझ्यावर धावून येणार नाही. माझ्यावर येईल."

वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "वन्सं, खरं सांगा. आहे तशी घेऊन गेली तर काय होईल?"

त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं. दुसरी बंदूक देऊ, दुसऱ्या कोणाला पाठवतील, असं काहीही. पण प्रश्न बंदुकीचा होता आणि विचारणारी तिची आई होती.

"दुसरी गोळी झाडाला लागेल," मी म्हणाले.

"आणि नळ्या उघडून पोरीला जुळवली, तर नंतर परत आधीसारखी करता येईल?"

"येईल. तू झाडलीस तर तुझ्या खांद्याला जुळवता येईल. पण मग पोरीची राहणार नाही. दोघींची मिळून एक बंदूक होत नाही, वहिनी. बाबांनी आम्हाला तसं शिकवलंच नाही."

वहिनी मांडीवरच्या नळ्यांवरून हात फिरवत राहिली, पोर आजारी असलं की फिरवतात तसा. मला वाटलं आता उठेल आणि बंदूक घेऊन घरी जाईल. कुठेतरी मला तेच हवं होतं. मग तिने दुनळी उचलली आणि माझ्या हातात दिली. दिली म्हणजे सोडायला थोडा वेळ लागला.

"उघडा," ती म्हणाली. "ह्यांनी तरी दुसरं काय केलं असतं?"

मी त्याच दुपारी दिवा पेटवला. नळ्यांच्या तोंडाशी ज्योत धरली, कथील आधी मळकट होतं ते चकाकायला लागलं आणि सुटलं. चिमट्याने पाचर धरून ओढली, तर आली नाही. बाबांनी बसवलेली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा आली. तिच्या एका अंगाला बाबांच्या कानशीचे तिरके ओरखडे तसेच होते, बाबा डावखुरे होते त्यामुळे उलट्या बाजूला तिरके. मी ती कापडावर ठेवली आणि नवी पाचर घडवायला घेतली. माझे डोळे भरून येत होते आणि डोळे भरलेल्या माणसाला केसाएवढं काम जमत नाही, म्हणून मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. चिमणी ऐकून न ऐकल्यासारखं करत होती.

चार दिवस आम्ही दोघी खाणीत होतो. झाडायचं, तापवायचं, कानसायचं, गार करायचं. तिसऱ्या दिवशी चिमणीने विचारलं, "आत्या, जेवायला कधी मिळणार?" मी दिवा बाजूला ठेवला आणि पाठ वळवून उभी राहिले. तिला बिचारीला काय माहीत. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

चौथ्या दिवशी तिच्या दोन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या. परत झाडली, परत तशाच. पाचर आता बाबांच्या पाचरीपेक्षा थोडी पातळ होती. बास. दादाच्या आणि त्याच्या लेकीच्या अंगात एवढाच फरक.

संध्याकाळ व्हायच्या आत वहिनी आली. चिमणीने तिला कागद दाखवला. वहिनीने तो नीट बघितला, लेकीच्या पाठीवर थोपटलं, "छान," म्हणाली. मग जरा थांबून माझ्याकडे वळली.

"मी एकदा झाडू?"

नको म्हणायला हवं होतं. काय होणार ते मला माहीत होतं, हिशोब सोपा होता. पण तिला नाही म्हणण्याइतकं माझं काळीज कठीण नाही, लोक काहीही म्हणोत.

तिने चप्पल काढली. पाय रोवले. दस्ता तसाच, जरा बाहेर, दंडाच्या अंगाला लावला. उजवी झाडली, डावी झाडली. या वेळी कोणी पळत गेलं नाही. आम्ही तिघी चालत कागदापाशी गेलो. उजव्या नळीची गोळी डावीकडे लागली होती आणि डावीची उजवीकडे. एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या आणि मधे हात मावेल एवढी मोकळी जागा होती. वहिनीने त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. तो बरोबर मावला.

मग तिने दुनळी लेकीच्या हातात दिली आणि खाणीच्या कडेच्या दगडावर जाऊन बसली. डाव्या हाताने उजवा खांदा चोळत राहिली. मी शेजारी बसले.

"दुखतोय?"

"हो. इतक्या वर्षांत कधी दुखला नव्हता हो, वन्सं." ती चोळतच होती. "नळ्या बदलल्या म्हणून का?"

पाचर केसभर पातळ झाली म्हणून धक्का रतीभरही वाढत नाही. काडतूस तेच, दारू तीच, दस्ताही तोच. हे माझ्या बाबांना माहीत होतं, मला माहीत आहे आणि चार दिवस माझ्याजवळ उभ्या असलेल्या चिमणीलाही आता माहीत होतं. ती बंदूक पोटाशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "नळ्या बदलल्या की धक्का वाढतो."

"तरीच," वहिनी म्हणाली आणि खांदा चोळत राहिली.